पोर्तुगालला चाललेले तीन अण्णा

पोर्तुगालला राहायला जायचं असेल तर माणसाला एकच नाव असावं लागतं, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळलं. तोवर आपल्याला तीन नावं आहेत हेच मला माहीत नव्हतं. हे कळलं तेव्हा जो हादरा बसला, त्यातून मी अजून पुरता सावरलेलो नाही. त्यामुळे पुढच्या मजकुरात कुठे कुठे माझा आवाज चढलेला वाटला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

खरं तर प्रकरण अगदी साधं होतं. आमची मुलगी ऐश्वर्या आणि जावई जिनेश पोर्तुगालमध्ये पोर्तो नावाच्या गावी नोकरीला आहेत. नोव्हेंबरात ऐश्वर्याचं बाळंतपण होतं. माझी पत्नी त्रिशला हिने मार्चपासूनच डिंक आणि खारीक जमवायला सुरुवात केली होती. अशातच एका रविवारी ऐश्वर्या फोनवर म्हणाली, "आई, पप्पा, पाहुण्यागत तीन महिन्यांसाठी नगा येऊ. राहायलाच या. पेन्शनवाल्यांना इथं राहायचा परवाना देत्यात. डी-सात म्हणतात त्याला."

त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "बघू."

आमच्या घरात माझ्या 'बघू'चा अर्थ 'ठरलं' असा असतो, आणि तो सगळ्यांना माहीत आहे. मी त्याच संध्याकाळी बाजारात जाऊन एक जाड फाईल आणली. हातकणंगल्याजवळच्या एका सूतगिरणीत मी तेहतीस वर्षं मुख्य भांडारपाल होतो. माझ्या सहीशिवाय तिथून एक नटबोल्ट बाहेर पडला नाही. कागद बघून घाबरणारा माणूस मी नव्हे, असं मी त्या फाईलवर नाव घालताना त्रिशलाला सांगितलंही. नाव घातलं 'अण्णासो नेमगोंडा मगदूम'. इथेच घोटाळ्याला सुरुवात झाली होती, पण ते कळायला पुढे सहा महिने जावे लागले.

डी-सातची बातमी शेजारच्या इमामभाईंना आधी कळली. इमामभाई एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण प्रवास म्हटला की जगातल्या कुठल्याही प्रवासावर आपला अधिकार आहे अशी त्यांची समजूत आहे. ते कुंपणावरूनच म्हणाले, "डी-सात म्हंजे कुठली गाडी वो अण्णासो? हिकडच्या डेपोची तर न्हाय."

"गाडी नव्हे. व्हिसा आहे."

"मग रिझर्वेशन आत्ताच करून ठेवा. सणाला गर्दी असतीया."

असल्या सल्ल्याने काही भागेना म्हणून मी जाणकार माणूस गाठला. स्टॅंडच्या मागे विजयसिंहचं दुकान आहे. बोर्डावर 'लर्निंग लायसन, रेशन कार्ड, पॅन कार्ड' अशी जुनी अक्षरं आणि त्यांच्या खाली ताज्या रंगात 'युरोप'. एवढाच एक शब्द. मला तो आत्मविश्वास आवडला. विजयसिंहने आमच्या दोघांच्या उत्पन्नाचे कागद बघितले, माझे बाजूला सारले आणि म्हणाला, "मुख्य अर्जदार वैनी."

त्रिशला जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिचं पेन्शन भक्कम आहे, शिवाय माहेरच्या गाळ्याचं भाडं तिच्याच नावावर येतं. माझं पेन्शन असं आहे की ते जमा झाल्याचा बँकेचा मेसेजसुद्धा संकोचून येतो. हे सगळं खरं, पण 'मुख्य अर्जदार वैनी' हे वाक्य ऐकून मी खुर्ची पुढे ओढली.

"आणि मी?"

"तुम्ही आश्रित."

आश्रित! हा शब्द मी तोवर फक्त पांजरपोळाच्या पावतीवर वाचला होता. मी घरी येऊन तो त्रिशलाला जड अंतःकरणाने सांगितला. तिने दुःख व्हावं अशी माझी अपेक्षा होती. तिने चष्मा लावला, पेन घेतलं आणि 'आश्रितांची संख्या' या रकान्यात फळ्यावर लिहिल्यासारख्या वळणदार अक्षरात 'एक' असं लिहिलं. लिहून झाल्यावर ती ते अक्षर थोडा वेळ बघत राहिली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिला इतकं समाधानी मी क्वचित पाहिलं असेल.

यादीतला पुढचा प्रकार म्हणजे अपोस्टील. प्रत्येक कागदावर अपोस्टील हवं होतं. इमामभाई म्हणाले, "नावातच पोस्ट हाय की. पोस्टात मिळतंय." मला पटलं. मी पोस्टात जाऊन खिडकीतल्या बाईंना विचारलं, "अपोस्टील आहेत का?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "संपल्यात. सोमवारी या." सोमवारी गेलो तर म्हणाल्या, "उद्या या." तिसऱ्या फेरीला त्यांनी किती पाहिजेत ते चिठ्ठीवर लिहून घेतलं. अपोस्टील हा केंद्र सरकारचा शिक्का असतो आणि तो पोस्टात मिळत नाही, हे मला ऐश्वर्याने फोनवर सांगितलं तेव्हा मी थक्क झालो. अपोस्टील काय हे मला माहीत नव्हतं याचं एवढं नाही, पण त्या बाईंना माहीत नसताना त्यांनी ते संपलेत म्हणून सांगावं!

कागद जमले तेव्हा विजयसिंहने तीन कागद शेजारी शेजारी मांडले. शाळेच्या दाखल्यावर माझं नाव होतं अण्णा. आमच्या लग्नाच्या दाखल्यावर होतं अण्णा सो. पासपोर्टवर होतं अण्णासाहेब.

बाहेरगावच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. आमच्याकडे नुसतं अण्णा किंवा आप्पा म्हणणं म्हणजे माणसाच्या तोंडावर दार आपटण्यासारखं आहे. म्हणून नावामागे साहेब लावायचा, आणि उगीच शाई कशाला घालवा म्हणून साहेबाचं 'सो' करायचं. आप्पासो, बाबासो, दादासो, अण्णासो. रेशनच्या दुकानापासून मतदार यादीपर्यंत हे सो पसरलेले आहेत. लग्नाचा दाखला देणाऱ्या ग्रामसेवकाने माझा मान राखण्यासाठी ते सो सुटं लिहिलं. पासपोर्टचा फॉर्म भरणाऱ्याने माझा आणखी मान राखण्यासाठी पूर्ण साहेब लिहिला. मला कुणीच काही विचारलं नाही. माझा मान राखण्यात सगळे गर्क होते.

"ह्याचं काय?" मी विजयसिंहला विचारलं.

"त्याचं काय? सो म्हंजे साहेब, हे शेंबड्या पोराला म्हाईत हाय."

"पोर्तुगालच्या पोराला?"

"टाका अर्ज. म्हागारी आलं तर बघू," विजयसिंह म्हणाला. त्याच्याही 'बघू'ला अर्थ होता, पण तो वेगळा.

आता सगळ्या कागदांचं पोर्तुगीज भाषांतर करायचं होतं, आणि अर्ज गोव्यातल्या वकिलातीत द्यायचा होता. इथे मी एक गोष्ट पैजेवर सांगतो. कोल्हापुरातल्या साठीच्या माणसाने 'मी कागदासाठी गोव्याला चाललोय' असं म्हणून दाखवावं आणि समोरच्याने डोळा मारला नाही तर मला सांगावं.

इमामभाई म्हणाले, "कागदं आणायला चाललासा व्हय? मग पिशवी मोठी घ्या." गल्लीच्या कोपऱ्यावरचा पानवाला म्हणाला, "काका, आमचंबी दोन कागद आणा." मी जन्मात दारूला शिवलेलो नाही. आमच्या घरात चातुर्मासात कांदालसूणसुद्धा येत नाही. मी हे प्रत्येकाला समजावून सांगितलं, आणि जसजसं समजावत गेलो तसतसा लोकांचा संशय पक्का होत गेला.

पणजीत एक वृद्ध भाषांतरकार होते. सभ्य माणूस. मराठी वाचता येत होतं, पोर्तुगीज तर मातृभाषेसारखी. त्यांनी कागद ठेवून घेतले, आठ दिवसांनी परत बोलावलं. आठ दिवसांनी मी पुन्हा गेलो आणि लाल फितीने बांधलेली भाषांतरं घेऊन परतीच्या बसमध्ये बसलो. हद्दीवर तपासणी झाली. तपासणारा शिपाई थेट माझ्यापाशी आला. मी पिशवी उघडून दाखवली. त्याने एक एक कागद वर काढला, खाली हात घातला, पिशवी उलटी केली, झटकली, आणि मग माझ्याकडे बघतच राहिला.

"पावणं, नुसतं कागद?"

"हो."

"गोव्यास्नं?"

"हो."

त्याने दुसऱ्या शिपायाला हाक मारली. दोघांनी मिळून माझी पाण्याची बाटली हुंगली. त्यातही पाणीच निघालं तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं. बसमधले सगळे प्रवासी माना वळवून माझ्याकडे बघत होते. त्यात आमच्या गल्लीतले एक गृहस्थ होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कळलं ते असं, की सकाळी हुपरीहून माझी थोरली बहीण आक्का पहिल्या बसने आली. तिने पाणी घेतलं नाही. सोप्यात बसली आणि रडायलाच लागली.

"आन्ना, आपल्या घराण्यात कुणी थेंब शिवला न्हाई रं. आन् तू एका म्हैन्यात दोनदा गोवा? पोलिसांनी बसमधनं उतरवला म्हणं तुला!"

"अगं आक्का, उतरवला नाही. पिशवी बघितली."

"काय घावलं?"

"काही सापडलं नाही."

"म्हंजे आधीच संपवलीस," आक्का म्हणाली आणि आणखी रडली.

तिने मला बसदीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, नेलं. महाराज विहार करत आले होते. त्यांच्यासमोर सगळ्यांदेखत हात जोडून मला दारू सोडण्याचा नियम घ्यायला लावला. मी कधीच घेत नाही असं सांगायला लागलो तर आक्काने डोळे वटारले. शेवटी बहिणीचं मन मोडवेना म्हणून मी नियम घेतला. तिथे जमलेल्या लोकांनी माझं कौतुक केलं. बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की आता पुरावाच झाला. सोडली म्हणजे आधी होती. जे बसमधल्या तपासणीने झालं नव्हतं ते त्या नियमाने झालं, आणि इमामभाईंनी तर घरी येऊन माझा हात हातात घेऊन सांगितलं, "सुटतीया म्हंता म्हंता. पैले पंधरा दिवस तरास हुतोय."

अशा अपकीर्तीत मी तिसऱ्यांदा गोव्याला गेलो, या वेळी त्रिशलाला घेऊन. वकिलातीत मुलाखत होती. खोली थंडगार. टेबलापलीकडे एक अधिकारी बाई बसल्या होत्या. त्यांचं मराठी गोव्याच्या वळणाचं, पण स्वच्छ होतं. त्यांनी त्रिशलाला बसायला सांगितलं, तिचे कागद चाळले, मान हलवली. सगळं उत्तम चाललं होतं.

मग त्यांनी दाराकडे बघून विचारलं, "मॅडम, तुमच्या पत्नी आल्या नाहीत?"

त्रिशलाने माझ्याकडे बघितलं. मी त्रिशलाकडे बघितलं.

"कोण?" त्रिशला म्हणाली.

"तुमच्या पत्नी. श्रीमती आना." त्यांनी लाल फितीचा कागद पुढे केला.

झालं होतं ते असं. पणजीच्या त्या सभ्य भाषांतरकारांना 'सौ.' माहीत होतं, 'सो' माहीत नव्हतं. 'अण्णा सो' बघून त्यांना वाटलं, ग्रामसेवकाच्या हातून मात्रा राहिली. त्यांनी ती स्वतःच्या मनाने दिली आणि माझं 'सौ. अण्णा' केलं. अण्णाला तिकडे आना म्हणतात, आणि आना हे तिकडे बाईचं नाव. सरकारी शिक्क्यानिशी, लाल फितीत बांधून, त्रिशलाचं लग्न एका बाईशी लागलेलं होतं.

"आमच्या कायद्यात दोन स्त्रियांच्या लग्नाला काही अडचण नाही," अधिकारी बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुम्ही संकोच करू नका. फक्त त्यांनी स्वतः यायला हवं."

"अहो, आना मीच!" मी उभा राहून ओरडलो. रखवालदार दारात येऊन उभा राहिला. वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला आणि मी पुन्हा खाली बसलो.

मी सो म्हणजे साहेब हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या रेशन कार्डाचं भाषांतर काढलं. त्यावर इंग्रजी अक्षरांत 'आना' एकीकडे आणि 'सो' दुसरीकडे असं होतं. "पोर्तुगीजमध्ये सो म्हणजे एकटा किंवा एकटी," त्या म्हणाल्या. "एका कागदावर आना ही विवाहित बाई आहे. दुसऱ्यावर आना एकटी आहे. आणि तुमच्या पासपोर्टवर कुणी तिसरेच गृहस्थ आहेत. मी काय समजू?"

मग त्या त्रिशलाकडे वळल्या. बाई मनाने चांगल्या होत्या, त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. म्हणाल्या, "मॅडम, कागद राहू देत. तुमच्या पतीचं नाव काय, एवढं तुमच्या तोंडून सांगा. मी तसं लिहून घेते."

आणि त्रिशला गप्प बसली.

वाचकहो, ही बाई चारशे पोरांची शाळा चालवत होती. शिक्षणाधिकाऱ्यांना तिने उभ्या उभ्या झापलेलं मी ऐकलंय. पण नवऱ्याचं नाव तिने कधी तोंडातून काढलेलं नाही. आमच्या आईची तशी शिस्त होती, आणि आई जाऊन वीस वर्षं झाली तरी ती शिस्त राहिली. तिच्या वर्गात एकदा अण्णासो नावाचा विद्यार्थी आला होता, तर त्याला ती वर्षभर 'नंबर तीन' म्हणून हाक मारायची. मला हे सगळं त्या क्षणी आठवलं.

"सांगा ना," अधिकारी बाई म्हणाल्या.

"हे आमचे हे," त्रिशला म्हणाली.

"हे म्हणजे कोण?"

"ऐश्वर्याचे पप्पा."

"पण नाव?"

"अर्जात लिवलंय की," त्रिशला लालबुंद होऊन म्हणाली. मी तिला कोपराने ढोसलं, हळूच म्हटलं, "अगं घे की एकदा." तिने पदर सावरला, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. अधिकारी बाईंनी वहीत काहीतरी बराच वेळ लिहिलं. त्यानंतर त्या माझ्याशी फार अदबीने वागल्या. परक्या माणसाशी वागतात तसं.

परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी बोललो नाही. घाट संपल्यावर तीच म्हणाली, "अवो, जिभेवर आलतं. पण तुम्ही समोर बसला हुतासा न्हवं."

पाच आठवड्यांनी दोन पाकिटं आली. त्रिशलाच्या पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का होता. माझ्या पासपोर्टबरोबर एक पत्र होतं. मी ते मोठ्याने वाचलं, कारण इमामभाई समोरच बसले होते आणि त्यांच्यापासून काही लपवण्यात अर्थ नव्हता. 'मुख्य अर्जदाराशी आपलं कोणतंही नातं सिद्ध होत नाही.'

इमामभाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे अण्णासो, तुम्ही वैनींचं कोणच न्हाय?"

"तसं नव्हे, कागदावर—"

"छत्तीस वर्सं!" इमामभाई म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून घरी निघून गेले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त धक्का बसला होता.

मी मात्र धीर धरला. आता त्रिशला म्हणणार, 'तुम्ही न्हाय तर मीबी न्हाय', हे मला ठाऊक होतं. तिला म्हणायला अवघड जाऊ नये म्हणून मीच उदारपणे म्हटलं, "जाऊ दे. पुढच्या वर्षी दोघं मिळून जाऊ."

त्रिशला आतल्या खोलीत वजनकाट्यावर बॅग ठेवत होती. डिंकाचे लाडू वर, साड्या खाली. तिने मान वर केली. "बाळाला अजून नाव न्हाय, तरी त्याची सगळी तयारी झालीया. तुम्हाला तीन हायत. त्यातलं एक ठरवा, आन् मागनं या."

मला राग आला. पण खरं सांगायचं तर रागाखाली भीती होती. गिरणीतून घरी यायचो तेव्हा मी दारातून नुसतं 'अगं' म्हणायचो आणि आतून 'आले' यायचं. एवढ्यावर माझी छत्तीस वर्षं गेली होती. हे मी तिला सांगितलं नाही. बॅगेची चेन लागत नव्हती, ती लावून दिली.

ऑक्टोबरच्या शेवटी ती गेली. विमानतळाच्या दारात मला अडवलं. आत जायला तिकीट लागतं म्हणाले. त्रिशला आत गेली, काचेपलीकडून हात केला, आणि गर्दीत दिसेनाशी झाली. मी घरी येऊन सवयीने दारातून 'अगं' म्हटलं. घरात कुणी काही बोललं नाही. त्या अधिकारी बाईंनी शिकवलेला 'सो' हा एकमेव पोर्तुगीज शब्द मला त्या दिवशी नीट समजला.

दुसऱ्या दिवसापासून मी एकच नाव करायच्या मागे लागलो. पासपोर्टवर अण्णासाहेब होतं, म्हणून अण्णासाहेबच ठरवलं. सेतू कार्यालय, प्रतिज्ञापत्र, फोटो, परत सेतू कार्यालय. पेपरात जाहिरात द्यावी लागली: मी अण्णा ऊर्फ अण्णासो नेमगोंडा मगदूम यापुढे अण्णासाहेब या नावाने ओळखला जाईन. जाहिरात आली त्या सकाळी पानवाल्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. आक्काचा हुपरीहून फोन आला. "आन्ना, सवताला साहेब म्हणून घ्यायला पेपरात पैसं भरलंस व्हय रं? दारूचं डोस्क्यात गेलं काय?" गावात कुणी मला अण्णासाहेब म्हटलं नाही. जे अण्णासो म्हणायचे ते आता थोडं हसून अण्णासो म्हणायला लागले.

शासनाचं राजपत्र नोव्हेंबरच्या अठरा तारखेला मिळालं. मी ते तीनदा वाचलं. आता जगात मी एकच होतो. विजयसिंहला फोन करून सांगितलं, उद्याच अर्ज भरायचा. तेवढ्यात त्रिशलाचा व्हिडिओ फोन आला.

मुलगी झाली होती, आदल्या रात्री. ऐश्वर्या ठीक होती, झोपली होती. त्रिशलाने बाळ दाखवलं. लाल, सुरकुतलेलं, मूठ आवळलेलं. मी राजपत्राच्या कोपऱ्याने डोळे पुसले.

"आन् ऐका," त्रिशला म्हणाली. "जन्माची नोंद इथंच दवाखान्यात करून घेत्यात. त्यात आजीआज्याची नावंबी घालत्यात. त्या माणसानं विचारलं, आईच्या वडलांचं नाव काय? जिनेश तुम्हाला मामा म्हणतोय, त्याला तिन्हीतलं कुठलं सांगायचं ते ठरंना. मग मीच उठले आन् सांगितलं."

"काय सांगितलंस?" मी राजपत्र घट्ट धरून विचारलं.

एक कागद तिने फोनसमोर धरला. पोर्तुगीजमधलं मला काही कळलं नाही, पण मधल्या ओळीत इंग्रजी अक्षरांत, एकत्र, मध्ये जागा न सोडता लिहिलेलं होतं: अण्णासो नेमगोंडा मगदूम.

माझ्या हातात अण्णासाहेबाचं राजपत्र होतं, ताजं. आणि माझ्या नातीच्या जन्माच्या सरकारी कागदावर आजोबा अण्णासो होता. मी स्वतः पोचायच्या आधी माझं एक नाव पोर्तुगालमध्ये कायमचं राहायला गेलं होतं, आणि तेही चुकीचं. मला ओरडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिरलं.

"म्हणजे तू माझं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"तोंडानं?"

"मग काय खुणेनं सांगू?" त्रिशला म्हणाली. "त्या माणसाला कमी ऐकू येतंय. दोनदा घ्यावं लागलं."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या बायकोने माझं नाव घेतलं होतं, तेही दोनदा, मोठ्याने, आणि ते ऐकायला मी तिथे नव्हतो. एक कमी ऐकू येणारा पोर्तुगीज माणूस होता. मला त्या माणसाचा फार हेवा वाटला.

"अगं," मी म्हटलं, "एकदा इकडं पण घे की."

त्रिशलाने मागे वळून बघितलं. खोलीत झोपलेल्या दोघींशिवाय कुणी नव्हतं. तिने पदर सावरला. क्षणभर मला वाटलं, घेते.

"अवो, काय तरीच काय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी विजयसिंह दुकान उघडायला आला तेव्हा मी फाईल घेऊन आधीच पायरीवर बसलो होतो. त्याने हात पुढे केला, "आणा राजपत्र, अण्णासाहेब. अर्ज टाकू."

"राजपत्र राहू दे," मी म्हटलं. "मला अण्णासो व्हायचंय."